लाल लोकरीची गाठ

मंगळवार, ९ जुलै
खालचं कुरण, वाल्बुर्गाची झोपडी

रोमेड,

गुडघा आता तुझ्या गुडघ्यासारखाच वाजतो. सकाळी सहाला गाव सोडलं आणि इथं पोचायला दुपारचे दोन वाजले. हीच वाट आपण बाबांच्या मागून पळत चार तासांत चढायचो आणि वर पोचल्यावर पुन्हा दंगा करायचो. आज मी वळणावळणाला थांबलो. फुलं बघायला थांबतोय, असं स्वतःला सांगत होतो.

अकरा वर्षांत नाताळच्या कार्डावर हवापाण्यापलीकडे मी काही लिहिलं नाही, आणि तू त्यालाही उत्तर दिलं नाहीस. तेव्हा हे जाड पाकीट पाहून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. मी जेंशियन मोजायला निघालो आहे. चार दिवसांचा आपला जुनाच फेरा: खालचं कुरण, वरचं कुरण, खिंड आणि शेवटी सेंट रोखुसची उतरण. मुळं खणायला बंदी घालायची की नाही, हे ठरवण्यासाठी जिल्ह्याच्या ऑफिसला आकडा हवा आहे. तिथल्या तरुण बाईंनी मला एक तक्ता दिला. फुललेली झाडं एका रकान्यात, नुसत्या पानांची दुसऱ्यात. शिवाय मार्मोट, रानबकऱ्या आणि हिमतितरांचे वेगळे रकाने. "काका, अंदाजानं आकडे लिहू नका हं," असं तिनं बजावलं. मी चर्चची घंटा वाजवणारा माणूस. माझ्याकडे बघून तिला असं का वाटावं, कोण जाणे.

वाल्बुर्गा आहे तशीच आहे. सत्तरी ओलांडली, तरी एकवीस गाई एकटी पिळते. मला पाहून दारातूनच ओरडली, "काय रे विगिल, वर यायला मेल्यावरचा मुहूर्त काढला होतास का?"

"मोजणीला आलोय."

"एकटाच?"

"मोजायला दोघं कशाला लागतात?"

"बांधायला न् खणायला लागायचे ना," ती म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती वळून आत गेली आणि करडं चीज, कांदा, व्हिनेगर आणि पावाचा हा एवढा तुकडा माझ्यासमोर आणून आदळला. "खा. गाल बघ तुझे, उपासाच्या महिन्यातल्या संतासारखे."

आज एकशे बारा मोजली. घंटेसारखी पिवळट फुलं, आत जांभळे ठिपके. अजून निम्मी कळीतच आहेत. कुरणाच्या कडेला अर्निका एवढी आहे की चालताना बुटांना पिवळी भुकटी लागते. मार्मोट सात. आठवा शिट्टी मारून बिळात गेला, मी त्याला पाहिलं नाही, म्हणून लिहिला नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे नवे फादर आलेत, बोगुमिल नावाचे, पोलंडचे. त्यांना पेटीची प्रथा ठाऊक नव्हती, तेव्हा पहिल्यापासून सांगावी लागली. की मरियामातेच्या जन्मदिवशी, सप्टेंबरात, पेटीत हात घालून सात घरांच्या चिठ्ठ्या काढतात आणि त्या शरदात त्याच सात घरांनी दारूसाठी जेंशियनची मुळं खणायची. की चिठ्ठी निघो न निघो, जुलैत फुलं असतानाच वर जाऊन आपल्या झाडांना घरच्या लोकरीचा धागा बांधून ठेवायचा. कारण शरदात पानं पिवळी पडून जमिनीवर लोळली की त्यातलं जेंशियन कुठलं आणि गेर्मर कुठलं, हे जन्म डोंगरात घालवलेल्यालाही सांगता येत नाही. आणि गेर्मरचं मूळ म्हणजे बचनागाचा सख्खा भाऊ. की ज्याच्या पोत्यात गेर्मर निघालं, त्याची चिठ्ठी सगळ्या गावासमोर पेटीतून काढून फाडायची.

"आणि परत घालत नाहीत?" फादरांनी विचारलं.

"तशी वेळ आलेली नाही."

"किती जणांची फाडलीय?"

"माझ्या आठवणीत एकाचीच. माझ्या भावाची."

ते वेदीवरच्या मेणबत्त्या विझवत होते. शेवटची विझवून म्हणाले, की जुनी पेटी किडीनं खाल्लेली आहे, यंदा नवी करायची, आणि सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायच्या. काय घडलं ते गावासमोर खरं सांगितलं गेलं, तर फाडलेलं नावही पुन्हा घालता येईल. मुदत पाच सप्टेंबर.

तेव्हा ये, रोमेड. चार शब्द बोल आणि सोड. लोक विसरलेत. माझ्या मनातही काही नाही, मी तुला केव्हाच माफ केलंय.

विगिल

*

बुधवार, १० जुलै
वरचं कुरण

रोमेड,

दिवसभर पाऊस. झोपडीत कुणी नाही, गुरं अजून इथवर चढलेली नाहीत. चूल पेटायला तासभर लागला. बूट उलटे टांगलेत आणि पायांना गवत गुंडाळून बसलोय.

पावसातही सदुसष्ट मोजली. तक्ता भिजू नये म्हणून आकडे मनात ठेवायचे, आणि मग छपराखाली येऊन लिहायचे. एकदा मधेच विसरलो, तेव्हा परत खाली उतरून पहिल्यापासून मोजलं. माझ्यात असला नेटकेपणा कुठून आला, असं तू विचारशील. पाऊस सुरू झाला की ते काळे डोंगरी सॅलमँडर बाहेर येतात, वाटेवर एवढे होते की पाय कुठं ठेवू असं झालं. त्यांचा रकाना नाही. मी समासात लिहून ठेवले, एकतीस.

व्हॅनिलाच्या वासाचं ते काळपट फूल सापडलं. वाकून वास घेतला. क्रेसेन्झबाई वर्गात ते एकेकाच्या नाकाखाली धरायच्या, आठवतं? आणि तू जोरात नाक ओढून फूलच नाकात घातलं होतंस.

बाईंना भेटून आलो निघण्यापूर्वी. खाली वृद्धाश्रमात असतात, शहाऐंशीच्या झाल्या. मी खोलीत शिरलो तेव्हा खिडकीशी बसून खालच्या दुकानातल्या माणसांची नावं एकेक करून म्हणत होत्या.

"कोण, विगिल? बूट पुसलेस का?"

"पुसले, बाई."

"दाखव."

एकोणपन्नासाव्या वर्षी मी बुटाचे तळवे वर करून दाखवले. मोजणीला निघालो म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "पानं कशी असतात?"

"समोरासमोर असतील तर घरात न्यावं. एकाआड एक असतील तर हात धुवावेत."

"आणि वरवर बघून समजलं नाही तर?"

"गुडघ्यावर बसावं, बाई."

"बस. गुडघ्यावर बसायला तुला चर्चमध्ये तर येतं." मग थोड्या वेळानं, "रोमेड काय म्हणतो?"

मी म्हटलं, काही कळवत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. लहानपणी गृहपाठ कुणाचा बघून लिहिलास हे विचारण्याआधी बघायच्या, तशा.

त्यांच्या मनात तुझ्याविषयी राग नाही एवढं मी खात्रीनं सांगतो. तू दरवर्षीसारखी मूठभर मुळं त्यांना पोटासाठी दिलीस, त्यांनी दरवर्षीसारखी ती दारूत भिजत घातली. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी उपासनेआधी चमचाभर घेतलं आणि चर्चच्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडल्या. उलट्या, नाडी इतकी मंद की डॉक्टरांनी घड्याळ दोनदा झटकलं. विष उतरलं चार दिवसांत. खुब्याचं हाड मात्र नीट बसलंच नाही आणि ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर त्यांना पुन्हा पाय ठेवता आला नाही. तेव्हापासून आपल्याकडे ऑर्गन बंद आहे. मी दर शनिवारी त्यावरची धूळ पुसतो.

काल मी तुला लिहिलं की लोक विसरलेत. ते खरं नाही. एंगलबर्ट खाटीक अजूनही दुकानात जेंशियनची बाटली दिसली की म्हणतो, "ही रोमेडची तर नाही ना?" आणि सगळे हसतात. मीही हसतो. हसत नाही, पण ओठ हलवतो.

झोप येते आहे. गुडघ्याला वाल्बुर्गाचं अर्निकाचं तेल चोळलं.

विगिल

*

गुरुवार, ११ जुलै
खिंडीतली निवाऱ्याची खोली

रोमेड,

आज देवानं आभाळ मोकळं केलं. नऊ वाजता धुकं खाली बसलं आणि आख्खी खिंड धुतल्यासारखी समोर आली. रानबकऱ्या चौदा, त्यांत पाच पिल्लं. बर्फाच्या शेवटच्या पट्ट्यावरून पिल्लं घसरत खाली यायची आणि पुन्हा वर चढून पुन्हा घसरायची. आया लांब उभ्या राहून रवंथ करत होत्या. मी अर्धा तास तिथंच बसलो. उठताना दोन्ही हात टेकावे लागले.

हिमतितराची मादी पायाखाली येता येता राहिली. दगडासारखी दगडात बसून होती, मला शेवटच्या पावलाला दिसली. उडाली नाही. एक पंख मोडल्यासारखा ओढत ती माझ्यापुढून लंगडत गेली, वीस पावलं, तीस पावलं. मला माहीत होतं की हे सोंग आहे, पिल्लं मागं आहेत आणि ती मला दूर नेतेय. तरी मी तिच्या मागून गेलो. तिनं एवढा जीव पणाला लावला होता, तर म्हटलं तिचा मान राखावा.

तिच्या मागून जाताना मला तू आठवलास. का आठवलास, ते आज लिहिता येणार नाही.

आईच्या मातीला तू आलास तो दिवस मी पुष्कळदा आठवतो. मागच्या बाकावर बसलास. मी घंटेची दोरी ओढत होतो, तिथून मला फक्त तुझं डोकं दिसत होतं. पुरतं पांढरं झालेलं. कबरीवर माती टाकलीस, माझ्या शेजारून गेलास, आणि कॉफीला न थांबता सीमेपलीकडं तुझ्या लाकडाच्या कारखान्यात परत. लोक म्हणाले, बघा, आईच्या मातीलाही भावाशी बोलला नाही. मी म्हटलं, असू दे, त्याला लाज वाटते.

मी असं म्हटलं, रोमेड. त्याला लाज वाटते, असं मी म्हटलं.

त्या वर्षीच्या जुलैत तू गवत कापायला खाली थांबलास आणि फेऱ्याला मी एकटा आलो. आपल्यात तसंच ठरलेलं होतं: मी बांधायचं, तू खणायचं. माझे गुडघे चांगले, तुझी पाठ चांगली. आईच्या मोज्यांच्या उरलेल्या लोकरीतला लाल धागा. मी सगळ्या खुणा नीट बघून बांधल्या

हे वाक्य मी तसंच अर्धवट सोडतो. कागद एवढाच आहे, फाडून नवा घेता येत नाही. पूर्ण करायचं तर खोटं लिहावं लागेल, आणि खोडायचं तर तुला खोडलेलं दिसेल. दिसू दे.

आज एकोणचाळीस. उद्या सेंट रोखुसची उतरण. अकरा वर्षांत त्या बाजूला मी गेलेलो नाही.

विगिल

*

शुक्रवार, १२ जुलै
सेंट रोखुसच्या चौथऱ्याशी

रोमेड,

दुपार आहे. उतरणीच्या वरच्या टोकाला संताच्या मूर्तीशेजारी बसून लिहितोय. मूर्तीच्या पायाशी असलेला कुत्रा कुणीतरी नेला, संत एकटाच उभा आहे. ऊन डोळ्यांवर येतंय, अक्षर वाईट येईल.

आता सांगतो.

त्या वर्षी चौथा दिवस शनिवार होता. इथं पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि पश्चिमेकडून गारांचा ढग येत होता. हातात नऊ धागे उरले होते. शनिवारची संध्याकाळची घंटा सातला. मी ती कधी चुकवली नव्हती, आणि गावात कुणी म्हणावं की विगिलची घंटा उशिरा झाली, हे मला नको होतं. उतरणीवर फूल एकही नव्हतं, नुसते पानांचे झुबके. खाली बसून पानं उलटून बघायला पाहिजे होती. मी बसलो नाही. वरूनच वाकलो, दिसेल त्या झुबक्याला धागा गुंडाळला, गाठ मारली, पुढं. नऊच्या नऊ पाव तासात. मनात म्हणत होतो की हे देवाचंच काम आहे, त्याच्या घंटेसाठी धावतोय, तो बघून घेईल.

घंटा सातला वाजवली. दोन मिनिटंही उशीर नाही.

सप्टेंबरात तुझी चिठ्ठी निघाली. तू एकटा वर आलास. पानं वाळून झोपलेली, आणि लाल धाग्यांवर विश्वास ठेवून तू खणत गेलास. दुसरं काय करणार होतास? धागा असतोच त्यासाठी.

बाई पडल्या, डॉक्टरांनी बाटली तपासायला पाठवली, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पेटी बाहेर आली. तू चर्चबाहेरच्या पुकाऱ्याच्या दगडाशी उभा होतास. सरपंचांनी विचारलं, "रोमेड, मुळं तू खणलीस?" तू म्हणालास, "मी खणली." एवढंच. धागा कुणी बांधला हे कुणी विचारलं नाही. खणणारा तो जबाबदार, अशीच रीत आहे. मी घंटेच्या दाराशी उभा होतो, दोरी हातात होती. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मी दोरीकडे बघितलं.

तुला ठाऊक होतं का, हे मला अकरा वर्षं कळलेलं नाही. धागा घरचा, लाल. तो मी बांधला हे तुला माहीत होतं, पण चूक बांधण्यात झाली की खणण्यात, हे वाळलेल्या पानांवरून कसं कळणार? तुला वाटलं असेल की तूच खणताना चुकलास, धाग्याच्या शेजारचं मूळ उपटलंस. मी स्वतःला हेच सांगत आलो. वाईट म्हणजे, तुला तसंच वाटत असावं अशी मी प्रार्थना केली. गुडघ्यावर बसून, शब्दशः. माझ्या भावाला स्वतःचीच चूक वाटू दे. असली प्रार्थना ऐकून देवाला काय वाटलं असेल!

आज मी उतरणीवर खाली बसलो. प्रत्येक झुबक्यापाशी. बसायचं, पान उलटायचं, समोरासमोर की एकाआड एक बघायचं, हात टेकून उठायचं. चोवीस जेंशियन, एकोणीस गेर्मर, एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे. उभ्यानं बघितलं तर आजही मला फरक कळत नाही. बसल्यावर शेंबड्या पोरालाही कळेल. गेर्मरच्या पानाला खालून लव असते, बोटाला लगेच लागते. एवढंच करायचं होतं.

तू खणलेल्या नऊ खड्ड्यांपैकी सहा सापडले. गवत चढलंय, पण पाय ठेवला की खचतं.

मंगळवारच्या पत्रात मी लिहिलं की मी तुला माफ केलंय. ते पत्र मी फाडत नाही, तुझ्याकडेच पाठवतो. अकरा वर्षं तुझा भाऊ कसा होता, ते तुला त्याच्याच अक्षरात कळू दे. तुला गावापुढं काहीच बोलायचं नाही. बोलायचं आहे ते मला.

थकलोय. हे थकणं चार दिवसांचं नाही.

विगिल

*

रविवार, १४ जुलै
गाव

रोमेड,

काल सकाळी फादर बोगुमिलना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "देवाकडून क्षमा मी आत्ता देऊ शकतो. पेटीचं मात्र तुम्हाला बाहेर, दगडावर उभं राहूनच करावं लागेल." मी म्हटलं, त्यासाठीच आलोय.

आज उपासनेनंतर सरपंचांनी पाण्याच्या पाळ्या आणि हरवलेल्या वासराचा पुकारा केला, मग मी पुकाऱ्याच्या दगडावर चढलो. लोकांना वाटलं घंटेच्या दुरुस्तीचं काही असेल. मी सांगितलं. जास्तीचं काही नाही: शनिवार होता, घाई होती, नऊ धागे मी न बघता बांधले, रोमेडनं धागे बघून खणलं, आणि त्याची चिठ्ठी फाडली तेव्हा मी गप्प राहिलो.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग एंगलबर्टचा आवाज आला. "अकरा वर्षं पहाटे पाचला उठवतोस आम्हाला, आणि हे सांगायला तुला एवढा वेळ लागला?"

कुणी हसलं नाही. तोही हसला नाही. टोपी काढून हातात धरली त्यानं आणि खाली बघत म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं दुकानात..." आणि वाक्य पूर्ण केलं नाही. तू गाव सोडल्यापासून तुझ्या कुरणात त्याची जनावरं चरतात, ते त्याला तेव्हाच आठवलं असणार.

बाईंना रविवारी आश्रमाची गाडी उपासनेला आणते. त्या चाकाच्या खुर्चीत दगडाच्या अगदी पुढ्यात होत्या, त्या पायऱ्यांपासून दहा पावलांवर. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी काठीनं दगडावर टकटक केलं.

"विगिल. पानं कशी होती?"

"एकाआड एक, बाई."

"बघितलीस?"

"परवा बघितली."

"मग उतर खाली. माझ्यावर सावली पडतेय."

मी उतरलो. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही, गाडी येईपर्यंत.  गाडीत चढवताना फक्त एवढं म्हणाल्या, की त्याला लिही, आणि शुद्धलेखन तपास.

रीतीप्रमाणे माझी चिठ्ठी जुन्या पेटीतून काढली. सरपंच फाडायला कचरत होते, म्हणून मीच फाडली. घंटेचं काम माझ्याकडे ठेवायचं का, हे सप्टेंबरात ठरेल. आज संध्याकाळची मी वाजवली. हात नेहमीसारखा चालला, याचं मला नवल वाटलं.

सोबत नव्या पेटीची कोरी चिठ्ठी आहे. नाव ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, त्यामुळे मला ते तुझ्यासाठी लिहिता येत नाही. चिठ्ठीभोवती आईच्या लोकरीचा एक धागा गुंडाळलाय, शेवटचा. गाठ मारलेली नाही. लिहून पाठव, किंवा घेऊन ये, किंवा चुलीत घाल. तू यापैकी काहीही केलंस तरी मी समजेन, आणि विचारणार नाही.

एकूण दोनशे बेचाळीस, तक्त्यावर. ऑफिसला पाठवले. अंदाजानं एकही नाही.

विगिल

*

गुरुवार, ५ सप्टेंबर
गाव

रोमेड,

आज दुपारच्या टपालात पाकीट आलं. मी घंटेच्या खोलीत तेल देत होतो. फादर स्वतः जिना चढून घेऊन आले, आणि हातात देऊन खाली गेले.

पत्र नव्हतं. उलटंपालटं करून बघितलं, पाकीट फाडून आतून बघितलं. एक शब्द नाही. फक्त चिठ्ठी, चौघडी केलेली, आणि तिच्याभोवती लाल धागा. या वेळी गाठ मारलेला.

मी डावखुरा. माझी गाठ उलटी बसते, शेपूट उजवीकडे निघतं. शाळेत बाईंनी छड्या मारून माझी पाटीवरची अक्षरं उजव्या हाताला आणली, गाठ मात्र आणता आली नाही. तू उजव्या हाताचा माणूस. तुझी गाठ अशी कधी पडायची नाही, मुद्दाम उलटी मारल्याशिवाय. कारखान्यातल्या त्या राठ बोटांनी तू माझी गाठ मारून पाठवली आहेस.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. बाई पडल्या तेव्हाच तुला आठवलं, की उतरणीवर तू खणलेल्या त्याच झुबक्यांना माझी गाठ होती, शेजारच्यांना नव्हे. आणि दगडाशी उभा राहून माझ्याकडे बघितलंस तेव्हा तू सगळं जाणून बघितलंस. आणि म्हणालास, मी खणली.

मी बराच वेळ तिथंच जिन्यावर बसलो. सहाची घंटा अकरा मिनिटं उशिरा वाजली. आयुष्यात पहिल्यांदा. खाली कुणी तक्रार केली नाही, पण दुकानाच्या दारात येऊन एंगलबर्ट वर बघत उभा असलेला मला दिसला.

चिठ्ठी घडी करून, मोकळी घालावी लागते. धाग्यासकट पेटीत चालत नाही. आत तुझं अक्षर आहे, रोमेड, आणि घराचं नाव, जसं बाबा लिहायचे तसं. मुदतीच्या आत, आठ वाजायच्या आधी ती पेटीत पडली. धागा माझ्याकडे आहे, प्रार्थनेच्या पुस्तकात.

गाठ सोडायला मला अर्धा तास लागला. माझीच गाठ, पण तू फार घट्ट मारली आहेस.

विगिल